राणी कोणाकडे बघते

"हात मागे, अण्णा," श्रीरंग म्हणाला.

मी हात मागे घेतले. सकाळपासून तिसऱ्यांदा. अंगठा आपोआप पुढे जात होता, त्याला मी तरी काय करणार? चाळीस वर्षं मातीच्या गालांवरून फिरलेला अंगठा. समोर एक दगडी राजा उताणा झोपला होता आणि त्याच्या खालच्या पापणीची कड कशी फिरवली आहे ते नुसत्या नजरेला कळत नव्हतं. बोटाला कळलं असतं.

"इथे नुसतं बघायचं असतं."

"बघतोच आहे की."

"तुम्ही बघत नाही, तपासता."

ते काही खोटं नव्हतं.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी तेव्हा बासष्टचा होतो. पेणला आमचा गणपतींचा कारखाना, आधी वडिलांचा, मग माझा. माती मळणं, साचे, रंगकाम सगळं कारागीर करत. आखणी मात्र माझी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. कुमुदला, माझ्या बायकोला, जाऊन चौदा महिने झाले होते. श्रीरंग, आमचा एकुलता एक, पॅरिसला नोकरीला होता. त्याने मला सहा आठवड्यांसाठी म्हणून नेलं आणि चौथ्याच दिवशी जेवताना म्हणाला, "अण्णा, आता परत जायचंच कशाला?"

त्याला मी दोष देत नाही. तिकडे पेणला मी एकटा. त्यातून आखणी बंद केलेली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. श्रीरंगने डॉक्टरचं नाव काढलं की मी विषय बदलायचो. डोळे न लिहिणाऱ्या माणसाने गणपतीचा कारखाना ठेवून करायचं काय? ठोसर नावाचा एक गृहस्थ जागा मागत होता, त्याला तिथे गोदाम करायचं होतं. दिवाळीपासून त्याने पिच्छा पुरवला होता आणि त्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगा, असा त्याचा निरोप होता. हो म्हटलं की कारखाना गेला आणि मी कायमचा पॅरिसकर झालो.

पॅरिसकर म्हणजे काय, तर सकाळी मुलगा-सून कामावर गेले की सातव्या मजल्यावर मी आणि खिडकी. खाली उतरून एक चक्कर मारायची, परत वर यायचं. दिवसभरात माझ्याशी काय बोलायची ती लिफ्ट. तिच्यातली बाई फ्रेंचमध्ये मजल्याचा आकडा सांगायची. पाच आठवड्यांत मला तिचा आवाज ओळखीचा वाटायला लागला होता, यावरून काय ते समजा.

तर त्या गुरुवारी श्रीरंगने रजा काढली. "तुम्हाला मूर्ती आवडतात ना, मग चला," म्हणाला, आणि मेट्रोने गावाच्या उत्तरेला सां-दनीला घेऊन आला. तिथे ते जुनं कॅथेड्रल आहे. फ्रान्सचे राजे मेले की त्यांना तिथे पुरायचे. आत शिरलो आणि मान वर केली ती खाली घ्यायचं सुचेना. खांब चढत चढत वर जातात आणि वर जाऊन एकमेकांना भेटतात. भिंत म्हणून जी काय ती सगळी रंगीत काचच. नोव्हेंबरचं पिवळट ऊन त्या काचांतून खाली फरशीवर सांडलेलं, निळं, तांबडं. आणि त्या उजेडात ओळीने झोपलेले राजे-राण्या. पांढऱ्या दगडाचे, उताणे, हात छातीशी जोडलेले. राजांच्या पायाशी सिंह, राण्यांच्या पायाशी कुत्री. आणि सगळ्यांचे डोळे उघडे.

"मेलेल्या माणसाचे डोळे उघडे का ठेवले?" मी विचारलं.

श्रीरंगने फोनवर शोधलं. "ते जागे होणार आहेत म्हणे. जगाच्या शेवटच्या दिवशी."

दोन-चार राजे बघून झाल्यावर मी म्हटलं, "हा सगळा एका लॉटातला माल दिसतो."

"अण्णा, हळू."

"हळू काय? मराठी कोणाला कळतंय इथे? नाकं बघ ना. एकाच हाताखालची पोरं आहेत."

त्याने परत फोनमध्ये बघितलं आणि हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "बरोबर आहे तुमचं. साडेसातशे वर्षांपूर्वी सोळा पुतळे एकदम करून घेतलेत. हे राजे तेव्हा मरून शेकडो वर्षं झाली होती."

"मग चेहरे कुठून आणले?"

"मनाने केले असतील."

"आणि खाली आत कोण आहे?"

"आत्ता कोणीच नाही. क्रांती झाली तेव्हा लोकांनी थडगी उघडली, हाडं खड्ड्यात टाकली. नंतर ती गोळा करून तळघरात एका भिंतीमागे ठेवली. कोणाची कुठली ते कोणालाच माहीत नाही."

म्हणजे वर चेहरा मनाचा, आणि खाली माणूस नाही. तरी माणसं तिकीट काढून येत होती आणि दबक्या आवाजात बोलत होती. मला त्या राजांची दया आली.

तेवढ्यात श्रीरंगचा फोन थरथरला. "ठोसर," तो म्हणाला. "आत बोलता येणार नाही. मी बाहेर जाऊन येतो. तुम्ही इथेच थांबा. कुठे जाऊ नका. आणि हात मागे."

तो गेला. त्याच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग तोही थांबला. मी एका राणीसमोर उभा होतो. नाव लिहिलेलं होतं, पण ते मला वाचता येत नव्हतं. शेजारी तिचा राजा. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर, आणि दोघंही वर बघणारी.

ही राणी त्या लॉटातली नव्हती. हिचे डोळे करणारा कोणीतरी वेगळा होता. वरची पापणी थोडी जड, खालची जवळजवळ सरळ, आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात किंचित ताण. माणूस काहीतरी बोलायच्या बेतात असतो ना, तेव्हा येतो तसा. मी अंदाज घेतला. हे डोळे त्याने शेवटी केले असणार, आणि एकट्याने केले असणार.

का ते सांगतो. डोळे लिहिले म्हणजे काम झालं असं नसतं. मूर्ती बघायला लागली पाहिजे. घरी चौरंगावर बसली की समोर उभा राहणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा माझ्याकडे बघतोय. आणि आखणाऱ्याचं नाक मूर्तीच्या नाकाला लागलेलं असतं, त्याला ते कळत नाही. म्हणून आमच्या कारखान्यात एक रीत होती. आखणी झाली की मी अंग एका बाजूला झुकवायचो आणि विचारायचो, "बघतोय का?" कुमुद दाराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहायची. तिथून मूर्तीचं अंतर बरोबर घरातल्याएवढं. ती बघून सांगायची.

आणि बहुतेक वेळा सांगायची, "नाही."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. डावा माझ्याकडे आहे, उजवा तुमच्या छत्रीकडे."

मी चिडायचो. पुसायचो, परत लिहायचो. "आता?"

"आता रागावून बघतोय. तुमच्यावर गेलाय."

एकेका मूर्तीला पाच-पाच वेळा नाही म्हणायची. हातात कणकेचं पीठ असायचं, गॅसवर काहीतरी असायचं, तरी घाईत कधी हो म्हणाली नाही. एकतीस वर्षं. आणि कधीतरी मग, "हं. आता बघतोय," एवढंच. तेवढं ऐकलं की मी ब्रश धुवायला टाकायचो.

ती गेल्यावर पुढच्या वर्षीचे गणपती आले. पहिल्या मूर्तीचे डोळे लिहिले, सवयीने झुकलो, विचारलं. उंबऱ्यात हिराजी उभा होता, आमचा तीस वर्षांचा जुना कारागीर. म्हणाला, "बगतंय अन्ना, बराबर बगतंय." दुसरी लिहिली. "बगतंय अन्ना." तिसरी मी मुद्दाम चुकवली. सरळ सरळ तिरळी लिहिली. हिराजी म्हणाला, "झ्याक बगतंय." बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाईट वाटू नये म्हणून तो हो म्हणत होता. सगळेच हो म्हणत होते. मी तिन्ही मूर्तींचे डोळे खरवडून काढले आणि त्या वर्षीची सगळी आखणी दुसऱ्या कारखान्यातल्या माणसाकडून करून घेतली. आणि मोतीबिंदूची गोष्ट रचली.

राणीसमोर उभा राहून मला हे सगळं आठवत होतं. आणि माझ्या डोक्यात किडा शिरला, की ही कोणाकडे बघते? ज्याने एवढा जीव ओतून डोळे केले, त्याने ते कोणासाठी केले? मी तिच्या पायाशी गेलो. तिथे नजर पोचत नव्हती. डाव्या बाजूला गेलो, गुडघ्यात वाकून बघितलं. उजव्या बाजूला राजा मध्ये येत होता. माझा गोल गोल फेरा बघून एक जपानी जोडपं बाजूला झालं.

इतक्यात श्रीरंग आत आला. फोन कानालाच, मला शोधायला आलेला.

"श्रीरंग, जरा इथे उभा राहा. पायाशी. हां. बघतेय का तुझ्याकडे?"

"हो हो, बघतेय," तो म्हणाला. मान वर न करता. मग फोनवर, "नाही, तुम्हाला नाही म्हटलं, बोला," आणि परत बाहेर.

तो पाठमोरा जाताना मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो उभा होता तिथून राणीची नुसती हनुवटी दिसत होती. मला त्याचा राग नाही आला. फार एकटं वाटलं. एवढ्या मोठ्या, एवढ्या सुंदर जागेत मी इतका एकटा होतो, की उद्या मला तिथे त्या ओळीत उताणं झोपवलं असतं तरी कोणाला फरक कळला नसता.

मग मी केलं ते केलं. दोर होता गुडघ्याएवढ्या उंचीचा. तो ओलांडला. राणीच्या उशाला उभा राहिलो, वाकलो, आणि माझं तोंड बरोबर तिच्या तोंडावर नेलं, अगदी आखणीला बसल्यासारखं. हात मागेच होते, हे मात्र सांगायला हवं.

"मस्यू!"

आवाज मोठा नव्हता, पण खणखणीत होता. वळून बघतो तर पहाऱ्यावरची बाई. आफ्रिकेकडची असावी. साठीच्या घरातली, ठेंगणी, जाड काचांचा चष्मा, गळ्यात ओळखपत्र. ती फ्रेंचमध्ये बरंच काही बोलली. मी दोराबाहेर आलो. कान धरायचेच तेवढे बाकी ठेवले. पण ती थांबून राहिली. मला काय झालंय ते तिला समजून घ्यायचं होतं, असं मला वाटलं. म्हणून मी खुणा केल्या. दोन बोटं राणीच्या डोळ्यांकडे नेली, मग स्वतःकडे वळवली, आणि हात उलटा करून विचारलं, बघते का?

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने चष्मा काढला, गणवेशाच्या कडेला पुसला, परत लावला. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. कंबर वाकवून राणीच्या डोळ्यांत नीट, अगदी सावकाश बघितलं. घाई नाही, हसणं नाही. मग सरळ झाली आणि मान हलवली.

"नों," ती म्हणाली.

मी पायाकडे बोट दाखवलं. ती पायाशी गेली, तिथून वाकून बघितलं. मान हलवली. नाही. डाव्या बाजूला गेली. तिथूनही नाही. मग परत माझ्याजवळ आली आणि तर्जनी वर करून छताकडे दाखवलं. तिथे काही नव्हतं. दोन कमानी भेटत होत्या तिथली रिकामी जागा.

चौदा महिन्यांत मला कोणी नाही म्हणालं नव्हतं. मला रडू आलं. बासष्ट वर्षांचा माणूस त्या राजेलोकांच्या मधोमध रुमाल शोधत उभा. बाईने खुर्ची आणून दिली आणि बाजूला उभी राहिली.

श्रीरंग धावत आला. "काय झालं? अण्णा, काय केलंत तुम्ही?" मग त्या बाईची क्षमा मागायला लागला. तिने त्याला थांबवलं आणि शांतपणे काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

तो जरा गोंधळला होता. "म्हणतेय, या राणीचं मी यांना खरं ते सांगितलं. ती कोणाकडेच बघत नाही. म्हणतेय, मी एकोणीस वर्षं इथे आहे. कोणी नसतं तेव्हा मी सगळीकडून उभी राहून बघितलंय." मग तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "हे काय आहे अण्णा?"

"मला मोतीबिंदू नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"डोळे ठीक आहेत माझे. तुझ्या आईसारखं नाही म्हणणारं कोणी राहिलं नाही, म्हणून लिहिता येत नाहीत."

मग त्याला सांगितलं. उंबरा, पीठ, छत्री, हिराजी, तिन्ही खरवडलेल्या मूर्ती. कारखान्यातच तो लहानाचा मोठा झाला, पण आई दारात येऊन काय करायची हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, ती चहाला बोलवायला येते. तो ऐकत राहिला. त्याची मान खाली जात गेली.

"मघाशी मी हो म्हणालो," तो म्हणाला.

"म्हणालास."

"मी बघितलंच नव्हतं."

"ठाऊक आहे मला."

तो उठला. राणीच्या पायाशी गेला, तिथून वाकला. तोंड बाजूला करून, कपाळाला आठ्या घालून बघत राहिला. लहानपणी अभ्यासाला बसायचा तेव्हाचा चेहरा. पहाऱ्यावरची बाईही त्याच्याकडे बघत होती.

"नाही अण्णा," तो म्हणाला. "इथून नाही बघत."

"आता बरोबर बोललास."

फोन परत थरथरला. त्याने तो माझ्यासमोर धरला. "ठोसर आहे. मी त्याला पाच मिनिटं मागितली होती. काय सांगू?"

"नाही म्हणून सांग."

"इथे करमत नाही का तुम्हाला?"

"नाही रे," मी म्हटलं. "तुझ्या लिफ्टशिवाय मला इथे कोणी नाही."

हे त्याला लागलं. मला कळत होतं, पण खरं बोलायचं ठरल्यावर अर्धं कसं बोलणार? तो तिथेच उभा राहून ठोसरशी बोलला, आत बोलायचं नसतं हे विसरून. बाईने त्याला अडवलं नाही.

मी निघताना तिला हात जोडले. तिनेही जोडले. त्या सगळ्या राजा-राण्यांसारखे, छातीशी.

पुढल्या भाद्रपदाच्या आधी दोन महिने कारखाना उघडला. पहिली मूर्ती आखणीला घेतली ती सकाळी, उजेड चांगला असताना. हिराजी रंग कालवत होता. हात अजून शाबूत होता. उजवा डोळा लिहिला, डावा लिहिला, अंग झुकवलं, आणि तोंडातून निघून गेलं, "बघतोय का?"

हिराजी रंग ठेवून उंबऱ्याकडे निघाला. मी त्याला हाताने थांबवलं. उठलो आणि मीच उंबऱ्यात जाऊन उभा राहिलो. त्या दारातून जन्मभर जा-ये केली, पण तिथे उभा राहिलो असा पहिल्यांदाच. गणपती कोपऱ्यातल्या पिंपाकडे बघत होता.

"नाही," मी मोठ्याने म्हटलं.

आणि मग समोरचं स्टूल दिसलं. उंबरा आणि मूर्ती यांच्या बरोब्बर मध्ये ठेवलेलं, माझं स्टूल. काहीतरी खटकलं. म्हटलं, "हिराजी, जरा माझ्या जागेवर बस."

"मी? अन्ना, मला डोले लिवता येत न्हाईत."

"लिहू नको. ब्रश घेऊन नुसता बस. मी बसतो तसा."

तो बिचकत बसला. मूर्तीकडे तोंड करून, ब्रश हातात धरून. मी बसतो तसाच, एका अंगाला झुकून. आणि मला तिथून जे दिसलं, ते कुमुदला एकतीस वर्षं दिसत होतं. मूर्तीचा चेहरा, आणि एका माणसाची पाठ. घामाने भिजलेला सदरा, मान खाली. तो माणूस प्रश्न विचारत होता, उत्तर ऐकून चिडत होता, परत विचारत होता, आणि एकदाही मागे वळून बघत नव्हता. तिचं नाही मला हजारदा आठवत होतं. ते म्हणताना ती कशी दिसायची, ते आठवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

मी किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. हिराजी अवघडला असावा. मी करतो तसंच करायचं, असं त्याला वाटलं असेल. तोंड मूर्तीकडेच ठेवून त्याने विचारलं, "बगतंय का, अन्ना?"

"हिराजी," मी म्हटलं, "मागे वळून विचार."